गाडीतला स्वच्छ वास

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, त्यालाही खूप काळ लोटला. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. हे लिहिलेलं कोणाला दाखवायचं नाहीच, पण पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं कधीतरी कोणाच्या हाती लागतं, म्हणून माफी. चारचौघांत मला बोलता येत नाही. लिहिताना कोणी तोंडाकडं बघत नाही.

आम्ही सोलापूरला भवानी पेठेत राहतो. 'हे' म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी तोंडानं घेत नाही, तेव्हा हातानंही घेणार नाही. ह्यांचं सगळं आयुष्य चादरीच्या गोदामात गेलं. चादरींच्या घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे, गठ्ठ्याच्या पोटात कापडाच्या पुरचुंडीत डांबरगोळ्या ठेवायच्या. कसर लागू नये, उंदरानं तोंड लावू नये म्हणून. संध्याकाळी हे घरी यायचे तेव्हा आधी तो वास उंबऱ्यातून आत यायचा, मागून हे. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या वासानं मळमळायचं. नंतर सवय झाली. पुढं पुढं तर आमच्या घरात स्वच्छ म्हणजे डांबरगोळीचा वास, असंच ठरून गेलं. माझ्या ट्रंकेत गोळ्या, अंथरुणाच्या घडीत गोळ्या, मोरीच्या जाळीवर गोळी. लेकीच्या लग्नात आहेराच्या साड्या उलगडल्या तेव्हा विहीणबाईंनी वास घेतला होता आणि म्हणाल्या होत्या, "वस्तू लई जपून ठिवलेल्या दिसत्यात की." मला किती बरं वाटलं होतं त्या दिवशी.

गोदामातलं काम सुटलं तेव्हा शेठनं ह्यांना काही रक्कम दिली. त्यातून ह्यांनी जुनी छोटी गाडी घेतली. लेक मोहोळला दिलेली, तिला दिवस गेलेले. "पैल्या बाळंतपणाला माझी लेक एस्टीत धक्के खात यायची न्हाय," एवढंच बोलले. उतारवयात गाडी शिकले. मी काही म्हटलं नाही. मी कधी काही म्हणत नाही.

गाडी विकणाऱ्यानं ती बरेच दिवस झाडाखाली उभी ठेवलेली होती. दार उघडलं की उंदराचा घाणेरडा वास. मागच्या सीटखाली घरटं सापडलं, त्यात फोम कुरतडून भरलेला. ह्यांनी तीन-चार दिवस गाडी घासली. ब्रश, साबण, लिंबू, सगळं झालं. मग गोदामात जाऊन जुन्या माणसांकडून पिशवीभर डांबरगोळ्या आणल्या. मी पुरचुंड्या शिवून दिल्या. प्रत्येक सीटखाली एक, डिकीत दोन, समोरच्या कप्प्यात एक. समोरच्या काचेच्या खाली बाहेरून हवा आत जायची जाळी असते, तिच्या फटीतूनही दोन-चार गोळ्या आत ढकलल्या. "म्हंजे उंदीर हिकडनं बी येणार न्हाय." वर सगळ्या सीटवर चादरी अंथरल्या, लाल-काळ्या, मोराच्या नक्षीच्या.

गाडीत एक बटण आहे. त्यावर गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, ते दाबलं की बाहेरची धूळ आत येत नाही आणि एसी लवकर गार करतो. ह्यांनी ते दाबलं ते दाबलंच. काचा कधी खाली नाहीत. मला गाडीत बसलं की डोकं जड व्हायचं, तोंडाला पाणी सुटायचं. एकदा मी हळूच काच खाली केली.

"धूळ येती की. लाव वर."

"वास डोक्यात चढतोय जरा."

"वास? अगं, ह्यो स्वच्छ वास हाय. एस्टीतला वास बरा व्हता व्हय?"

मी काच वर केली. गाडी लागते एकेकाला, मला लागत असेल, असं समजले.

लेक आली आणि कडक उन्हाळ्यात बाळंत झाली. मुलगा झाला. आमच्या घराला वर पत्रा. दुपारी पत्रा तापला की घरात भाकरी भाजावी अशी धग, त्यात लाइट जायची. बाळ रडून रडून लाल व्हायचं. एका दुपारी ह्यांनी त्याला उचललं, दारात लावलेल्या गाडीत नेलं आणि एसी लावला. बाळ त्या गारव्यात चादरीवर झोपलं ते उन्हं उतरेपर्यंत. मग रोजचंच झालं. दुपारचं जेवण झालं की हे बाळाला घेऊन गाडीत. काचा बंद, बाणाचं बटण दाबलेलं. पुढच्या सीटवर हे, मागं मांडलेल्या उशांमध्ये बाळ.

शेजारची बाई, घरात तेलुगू बोलणारी, पण आमच्याशी झकास मराठी बोलते, एकदा काचेवर टकटक करून म्हणाली, "नातवाला गार हवा आणि आमी हितं उकडून मरायचं व्हय? आमाला बी घ्या की आत."

ह्यांनी काच बोटभर खाली केली. "तुमी बसला तर टायर रडत्याल की."

"बसा बसा. नातवाला घाम फुटू देऊ नगा. येक दिवस बर्फ व्हईल त्याचं."

ती हसत गेली. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची आठवण आली की आता अंगावर काटा येतो.

सव्वा महिना झाल्यावर देवीला बाळाचं तोंड दाखवायला तुळजापूरला गेलो. गाडी उन्हात उभी होती. दर्शन करून परत आलो, दार उघडलं, तर आतून त्या वासाचा असा लोट आला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हे म्हणाले, "बस लवकर, एसी लावतो." बसलो. काचा लावल्या. परत येताना लेकीनं वाटेत दोनदा गाडी थांबवून उलटी केली. बाळ अगदी गप्प होतं. इतकं शहाणं बाळ, प्रवासात एकदाही रडलं नाही, असं मी वाटेत म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाळाचे लंगोट धूत होते. एका लंगोटावर डाग होता, कोऱ्या चहासारखा. जरा तांबूस. मी साबण लावला, चोळलं. दुसरा घेतला, त्यावरही तसाच. मला आधी वाटलं ते सोलापूरच्याच बाईला वाटेल. गाडीतल्या चादरीचा रंग लागला असणार. नवी चादर, लाल रंग, वर बाळाचा ओला लंगोट. मी तसं ह्यांना सांगितलं.

हे दाढी करत होते. तोंडाला फेस तसाच. "काय म्हणालीस?"

"चादरीचा रंग जातोय बहुतेक."

"आमच्या चादरीचा?" ह्यांना एवढा राग आलेला मी क्वचितच पाहिला. "अगं, लोकं वीस-वीस वरसं वापरत्यात. इचार जा कुणाला बी. सोलापुरी चादरीचा रंग जातो, असं माझ्या घरातली बाई म्हणती!"

तसेच उठले. गाडीतून चादर आणली, अंगणातल्या बादलीत तिचं टोक बुडवलं. स्वतःचा पांढरा धुतलेला रुमाल घेतला आणि त्या ओल्या टोकावर घासला. गोदामात असंच तपासतात. घासघास घासला. मग रुमाल उन्हात धरून मला दाखवला.

"बघ. हाय का रंग? हाय का कुटं?"

रुमाल पांढराशुभ्र होता.

ह्यांच्या तोंडावर जिंकल्याचं हसू होतं, आणि ते हसू माझ्या डोळ्यांदेखत विझलं. चादरीचा रंग नाही. मग लंगोटावर कशाचा? बादलीच्या कडेवरून चादरीचं पाणी निथळत होतं, निवळ, स्वच्छ.

घरातून लेक म्हणाली, "आई, ह्यो दूधच वढत न्हाय गं. जरा बघ की ह्याला."

मी बाळाला दारातल्या उजेडात आणलं. घरात आमचा एकच दिवा, त्यात रंग कळत नाही. उजेडात कळलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा, आणि ओठ नुसते फिके. हात सोडला तर हात खाली पडत होता.

आम्ही त्याला लगेच दवाखान्यात नेलं. कशातून नेलं, तर त्याच गाडीतून. त्याच सीटवर, दुसऱ्या कोरड्या चादरीत गुंडाळून. काचा लावून. ह्यांनी एसी मोठा केला, बाळाला बरं वाटावं म्हणून. सगळा रस्ता मी त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन श्वास ऐकत होते.

मुलांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं माझ्या लेकीएवढीच. तिनं लंगोट बघितला, डोळे बघितले, रक्त काढून पाठवलं आणि मग चादरीवर वाकून एकदम थांबली. नाकपुड्या हलल्या तिच्या.

"तुमच्या घरात डांबरगोळ्या वापरता का?"

"व्हय, वापरतो की," हे पटकन म्हणाले. त्यांना वाटलं, घर स्वच्छ ठेवता का, असंच ती विचारते आहे. "गोदामातल्या असत्यात, चांगल्यातल्या. घरात हायत, गाडीत हायत. गाडीत तर सीटखाली, डिकीत, एसीत, सगळीकडं टाकल्यात. उंदराचं नाव न्हाय."

डॉक्टरणीनं हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि बाळ त्या गाडीत किती वेळ असतं?"

"रोज दुपारी असतं की. एसीत. उकाड्याचं लई रडतं, म्हणून..."

तिनं बाळाला चादरीतून काढलं आणि चादर नर्सकडं दिली. "ही आधी बाहेर न्या. वॉर्डच्या बाहेर."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे सांगितलं. काही मुलांच्या रक्तात जन्मापासून एक गोष्ट कमी असते. वरून कळत नाही. अशा मुलाच्या श्वासात डांबरगोळीची वाफ गेली तर त्याचं रक्त आतल्या आत फुटायला लागतं. ते फुटलेलं रक्त लघवीतून बाहेर येतं, तो तुमचा चहाचा रंग. बंद गाडी, ऊन आणि तीच तीच हवा आत फिरणारी. "आणि चालू गाडीत काचा लावून बाळाला झोपवायचं नसतंच, धुराचीही भीती असते," असंही म्हणाली. ह्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. माझ्या डोळ्यांपुढं एकच येत होतं. त्या पुरचुंड्यांना टाके मी घातले होते.

बाळाला रक्त द्यावं लागलं. नळी इतकी बारीक आणि हात त्याहून बारीक. पैसे लागत होते, आमचे तर गाडीत गेलेले. मोहोळहून व्याही आले, काउंटरवर गेले, सगळे पैसे भरून आले आणि बाकावर ह्यांच्या शेजारी बसले. विहीणबाई मात्र माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आमी घरात धाडलं व्हतं पोरीला. गाडीत न्हाय."

मी खाली बघितलं.

"बोला की कायतरी."

"चुकलं," मी म्हणाले. एवढंच निघालं तोंडातून.

बाळ हळूहळू सुधारलं. आधी ओठांना रंग आला, मग ते रडलं. त्या रडण्यानं वॉर्डातल्या सगळ्या आया हसल्या. दवाखान्यातूनच व्याही लेकीला आणि बाळाला मोहोळला घेऊन गेले, भाड्याच्या गाडीनं. जाताना हे म्हणाले, "पैशाचं मी करतो कायतरी." व्याही म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हो, काय घाई हाय." तेव्हा गाडीत बसलेल्या विहीणबाई बोलल्या, "ऱ्हाऊ द्या म्हणायचं असतं. उसनं ठिवायचं नसतं." आणि मग, "नातू आता सोलापूरला यायचा न्हाय." गाडी निघून गेली.

मला वाटलं होतं, पुरचुंड्या काढल्या की संपलं. घरातल्या, ट्रंकेतल्या, मोरीवरच्या सगळ्या गोळ्या काढल्या. तरी रोज सकाळी गाडीचं दार उघडलं की वास तिथंच, कोणीतरी आत बसून वाट बघत असल्यासारखा. ज्यांनी चादर कधी जमिनीला टेकू दिली नाही, त्यांनी त्या मोराच्या चादरी कात्रीनं कापल्या. बारीक पट्ट्या केल्या. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "कुणी कचऱ्यातनं उचलली आन् पोराला गुंडाळलं तर?" पट्ट्या घंटागाडीत टाकल्या.

व्याह्यांचे पैसे द्यायचे म्हणून गाडी विकायची ठरली. जवळच्या कुंभारी गावचं एक जोडपं बघायला आलं. त्या मुलीचं पोट पुढं आलेलं. ह्यांनी गाडी आधीच धुऊन ठेवली होती. ती मागच्या सीटवर बसली, ओढणीनं घाम पुसला आणि नवऱ्याला म्हणाली, "आत बघा तरी. कसला स्वच्छ वास येतोय की."

नवरा किंमत पाडत होता, हे आपल्या किमतीवर अडून होते. सौदा जवळपास जमलाच होता. मी दाराच्या आड उभी होते. परक्या पुरुषांपुढं मी कधी बोललेले नाही, भाजीवाल्यालासुद्धा बोट दाखवते. माझे पाय कसे पुढं गेले मला ठाऊक नाही. मी गाडीजवळ गेले आणि त्या मुलीला म्हणाले, "खाली उतर बाई."

"का हो, मावशी?"

मी सांगितलं. अडखळत, मागचं पुढं करून, पण सगळं सांगितलं. मुलगी उतरली ते पोटावर हात धरूनच. तिचा नवरा ह्यांच्याकडं असं बघत राहिला की मी ह्यांच्याकडं बघूच शकले नाही. ते गेल्यावर हे गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. आता मला बोलतील, असं वाटलं. हे घरात गेले, पान्यांची पिशवी घेऊन आले आणि गाडीची सीट खोलायला लागले.

सीट निघाल्या, खालची चटई निघाली. तिच्या खाली गोळ्यांचा पांढरा चुरा पुरचुंड्यांच्या शिवणींतून गळून साचला होता. मग हे गॅरेजवाल्याला बोलावून आले. त्यानं समोरचा कप्पा काढला आणि त्याच्या मागून एक चौकोनी जाळी ओढली.

"काका, ही जाळी कवा बदलली व्हती?"

"जाळी असती व्हय हितं?"

"आत येणारी समदी हवा हिच्यातनं येती. तुमी श्वास घेता त्यो हिच्यातनं घेता."

त्यानं ती जमिनीवर आपटली. उंदराच्या लेंड्या, वाळका पाला, तूस, आणि घड्यांमध्ये अडकलेल्या, अर्ध्या विरघळलेल्या दोन गोळ्या. ह्यांनी बाहेरून ढकललेल्या. म्हणजे एसीचा प्रत्येक झोत त्यांच्यावरून येत होता. आम्ही बाळाला ती हवा पाजत होतो आणि गार लागते म्हणून हसत होतो.

नवी जाळी बसवली. चटई टाकून दिली, सीटचा फोम बदलून घेतला. चारी दारं उघडी टाकून गाडी रोज उन्हात ठेवायची, हे माझं काम झालं. गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, गाडीत बसायच्या आधी दारं उघडून तापलेली हवा जाऊ द्यायची, काचा खाली करून थोडं चालवायचं, मगच एसी, आणि ते बाणाचं बटण कायमचं दाबून ठेवायचं नाही. ओलं फडकं रोज फिरवायचं, सुगंधाची बाटली लावायची नाही. "वास न यणं, ह्योच चांगला वास, काकू," असं तो म्हणाला.

गाडी पुन्हा कोणाला विकवेना, ती घरीच राहिली, म्हणून पैसे घामातूनच काढावे लागले. ह्यांनी एका दुकानावर राखणीचं काम धरलं. मी चादरीच्या दशा वळायला घेतल्या. दोन्ही टोकांचे सुटे धागे मांडीवर घेऊन पीळ द्यायचा. मांडीची कातडी सोलून निघते. येणाऱ्या प्रत्येक चादरीला मी आधी नाक लावत असे. थोडे पैसे जमले की एस्टीनं मोहोळला जायचो. व्याही पैसे खिशात ठेवायचे, चहा पाजायचे. बाळ आतल्या खोलीत असायचं. लेक त्याला दारापर्यंत आणायची. विहीणबाई उंबऱ्यात बसलेल्या असायच्या, आणि त्यांना ओलांडून पुढं जायची माझी छाती झाली नाही. तो दारातून मला ओळख नसल्यासारखा बघायचा. बाळ रांगायला लागलं तेही मी असंच लांबून पाहिलं.

रक्तातली ती उणीव जन्मभर राहणार आहे. कुठल्या औषधांपासून जपायचं, हे लेकीनं पाठ केलंय. मी पाठ केलाय तो वास. आता कोणाच्याही घरी गेले की पायाआधी माझं नाक आत जातं. पाहुण्यांची कपाटं, लग्नाचे बस्ते, हॉटेलातली शौचालयं, सगळीकडं तो असतो, आणि सगळे म्हणतात, किती स्वच्छ आहे.

शेवटचे पैसे जमले त्या दिवशी हे म्हणाले, "आज गाडीनं जाऊ." मी नको म्हणणार होते. मग मला वाटलं, आज नाही तर कधीच नाही. आधी दारं उघडून ठेवली. काचा खाली करून हायवेवरची सगळी धूळ खात मोहोळला पोचलो. माझे केस पांढरे झाले होते मातीनं.

गाडीचा आवाज ऐकून विहीणबाई ओट्यावर आल्या. लेकही आली, कडेवर बाळ. ह्यांनी खिशातून पैसे काढले आणि पुढं केले. विहीणबाईंनी हात पुढं केला नाही. त्या ओट्यावरून उतरल्या, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत वाकल्या. सीटला नाक लावलं. खाली चटईजवळ वाकल्या. समोरच्या कप्प्यात डोकं घातलं. ह्यांना म्हणाल्या, "त्ये एसी लावा." ह्यांनी लावला. त्या झोतापुढं डोळे मिटून उभ्या राहिल्या. अंगणातली कोंबडीसुद्धा त्या दिवशी गप्प होती, असं मला आठवतं.

"मातीचा वास येतोय," शेवटी त्या म्हणाल्या.

"काचा उघड्या ठिवून आलो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या मातीनं भरलेल्या डोक्याकडं पाहिलं. मग लेकीच्या कडेवरून बाळ घेतलं आणि माझ्या हातात दिलं. ते जड झालं होतं. त्यानं माझ्या कपाळावरची माती बोटानं खरवडली.

"चार दिवस न्या," विहीणबाई म्हणाल्या. "काचा खाली ठिवून न्या."

मग त्या ओट्यावर बसल्या, पदर सावरला आणि ह्यांच्या हातातले पैसे घेऊन मोजले. पुरते होते.